क्री शब्दाच्या शेवटची फुली शोधात सापडत नाही: यू+१५७डी आणि तिचे तोतये

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याला हेच दुखणं आहे त्याला लगेच कळेल. क्री या कॅनडातल्या आदिवासी भाषेच्या शब्दसूचीत ‘ओतेनाह्क’, म्हणजे ‘गावात’, हा शब्द पडद्यावर डोळ्यांसमोर आहे. तोच शब्द शोधपेटीत टाइप केला की उत्तर येतं, काही सापडलं नाही. शेवटची खूण पुसून उरलेला शब्द शोधला की लगेच सापडतो. मग कोणीतरी यादी ‘साफ’ करतं, महिनाभर सुरळीत चालतं, आणि एक दिवस पुन्हा तेच. दर वेळी शब्द वेगळा, पण अडतं ते शेवटच्या खुणेपाशीच. ती खूण म्हणजे एक बारीकशी फुली.

मी एडमंटनला राहतो. इथल्या एका संध्याकाळच्या क्री वर्गाला जातो, आणि ‘तू कॉम्प्युटरवाला आहेस ना’ या एकाच भांडवलावर वर्गाची शब्दसूची सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शिकवणाऱ्या आजींना सगळे कोह्कुम म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ ‘तुझी आजी’. फुलीची तक्रार मी आतापर्यंत चारदा निस्तरली आहे, त्यातली पहिल्या दोन वेळा साफ चुकीच्या पद्धतीने. खाली जे लिहिलंय ते त्या चुकांसकट.

ही फुली आली कुठून

आपण ‘प’ला वेलांटी, मात्रा लावतो, क्रीच्या सिलेबिक्स लिपीत अक्षरच फिरवतात. कोनाचं टोक वर असेल तर ‘पि’, खाली असेल तर ‘पे’, उजवीकडे ‘पो’, डावीकडे ‘प’. स्वर दीर्घ असला की वर एक टिंब. आजच्या मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस इथे १८४० मध्ये जेम्स एव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने ही अक्षरं छापायला घेतली. क्री परंपरा मात्र सांगते की ती कॉलिंग बॅजर नावाच्या क्री माणसाला आत्म्यांच्या लोकातून मिळाली. एव्हान्सच्या डोळ्यांसमोर पिटमनची लघुलिपी आणि आपली नागरी होती असं बरेच अभ्यासक मानतात. फिरणारी अक्षरं पाहून मला नागरी कुठे आठवली नाही, पण ‘व्यंजन मुख्य, स्वर त्याला चिकटलेला’ ही चाल मात्र घरचीच वाटली.

व्यंजनाला स्वर नसेल, म्हणजे आपण जिथे अक्षराचा पाय मोडतो, तिथे पश्चिमेकडच्या क्रीत एक बारीक खूण येते. त् साठी एका बाजूला झुकलेली रेघ, क् साठी दुसऱ्या बाजूला झुकलेली, व् साठी छोटं वर्तुळ, ह् साठी शेजारी शेजारी दोन आखूड उभ्या रेघा. आणि शब्दाच्या शेवटी ‘ह्क’ एकत्र आले तर दोन खुणांऐवजी एकच, आपली फुली. हे फक्त शब्दाच्या शेवटी. ‘कोह्कुम’ या शब्दातही ह् आणि क शेजारीच आहेत, पण त्या क ला पुढे स्वर आहे, म्हणून तिथे दोन उभ्या रेघा आणि पुढे स्वरासकटचं अक्षर. फुली नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एका जोडीपायी इतका गोंधळ का, असं वाटेल. कारण ही जोडी व्याकरणात जागोजागी आहे. आपण ‘गाव’चं ‘गावात’ करतो तिथे क्री भाषा शेवटी ह्क लावते. ओतेनाव म्हणजे गाव, ओतेनाह्क म्हणजे गावात. साकहिकन म्हणजे तळं, साकहिकनिह्क म्हणजे तळ्यापाशी. म्हणजे आपली सप्तमी जितकी सर्रास, तितकी ही फुली. शिवाय क्रियापदं आहेतच. क्रीमध्ये आपल्यासारखाच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे (वर्गातल्या इंग्रजीभाषकांना तो समजायला आठवडे लागले, मला अर्धा मिनिट, तेवढाच काय तो माझा मोठेपणा). ‘ए-निपायाह्क’ म्हणजे आम्ही झोपलो आहोत, ‘ए-निपायह्क’ म्हणजे आपण झोपलो आहोत. दोन्हींच्या शेवटी फुली. फरक काय तो दीर्घत्वाच्या टिंबाचा, आणि तेही हाताने लिहिताना पुष्कळदा गळतं. अशा भाषेत फुली मोडली की यादीचा एखादा कोपरा नव्हे, मोठा भागच शोधाबाहेर जातो.

एक नाही, सहा फुल्या

युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकेक कोड देणाऱ्या यादीत, ही लिपी १९९९ साली, ३.० या आवृत्तीत आली. तो कोड ‘यू+’ लावून लिहितात. यू+१४०० ते यू+१६७एफ अशा ६४० जागांचा तो गट, नाव ‘युनिफाइड कॅनेडियन ॲबोरिजिनल सिलेबिक्स’. यातला ‘युनिफाइड’ हा शब्द महत्त्वाचा. क्री, ओजिब्वे, इनुक्टिटुट, नास्कापी, कॅरियर, देने अशा कितीतरी भाषांची अक्षरं एकाच गटात शेजारी बसवली आहेत. त्यात क्रीच्या ह्क साठीची खरी फुली आहे यू+१५७डी, अधिकृत नाव ‘कॅनेडियन सिलेबिक्स एचके’. आता तिचे तोतये बघा.

पहिला यू+१५४१, नाव ‘सायिसी यी’. हे उत्तर मॅनिटोबातल्या सायिसी देने लोकांच्या लेखनातलं अक्षर. त्यांची भाषा क्रीच्या कुळातलीसुद्धा नाही. पण आकार बारीक फुलीचाच, आणि कित्येक फॉन्टमध्ये तो यू+१५७डी शी इतका मिळताजुळता की भिंगातून पाहूनही सांगता येणार नाही. माझ्या यादीतला सर्वात चिवट तोतया हाच.

दुसरा यू+१६६डी, ‘काय साइन’ (यातला ‘काय’ म्हणजे त्या नावाचं ग्रीक अक्षर). ही मोठी फुली. धार्मिक लेखनात ख्रिस्ताचं नाव थोडक्यात लिहायला वापरतात. ही वर्णमालेतलं अक्षर नाही, चिन्ह आहे. त्यामुळे शब्द तोडणारी साधनं तिला शब्दाचा भाग मानत नाहीत. शब्दावर डबल-क्लिक केल्यावर शेवटची फुली निवडीच्या बाहेर राहिली तर संशय हिच्यावर.

तिसरा यू+१६६ई, म्हणजे चक्क पूर्णविराम. हो, क्रीचा पूर्णविरामही फुलीच्या आकाराचा आहे, अगदी चिमुकला, खालच्या ओळीला टेकलेला. म्हणजे वाक्याचा शेवट ‘गावात’ या शब्दाने झाला तर नियमाप्रमाणे दोन फुल्या शेजारी शेजारी येतात, एक जराशी वर, एक खाली. टाइप करणाऱ्याला वाटतं बोट दोनदा पडलं, आणि तो इमानदारीत एक खोडतो.

चौथा आपला नेहमीचा लॅटिन एक्स. पाचवा गुणाकाराचं चिन्ह, यू+००डी७. सिलेबिक्सचा कीबोर्ड नसला की माणूस हाताशी असेल ते वापरतो; त्यात नवल काही नाही. आपल्याकडे ‘दु:ख’ मध्ये विसर्गाच्या जागी कोलन टाकणारे काय कमी आहेत? दिसायला सारखं दिसतं, छापायला चालतं, आणि शब्दकोशात शोधलं की सापडत नाही. दुखणं तेच.

या पाचांखेरीज सहावी गोष्ट फुली नाहीच, पण यादीत तिचं नाव हवं: कोणीतरी ह् आणि क् च्या सुट्या खुणा एकामागोमाग टाकलेल्या, यू+१४२६ आणि यू+१४२०. उच्चार बरोबर, वाचणाऱ्यालाही कळतं, पण ओतेनाह्क हा शब्द फुलीने लिहिला तर चार कोडचा होतो आणि असा लिहिला तर पाचचा. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द.

पानिपतानंतर पुण्यात भाऊसाहेबांचा तोतया आला तेव्हा ओळख पटवायला माणसं होती. इथे चेहऱ्यावरून ओळख पटवणं सोडूनच द्या. कोड विचारायचा.

कोड विचारायचा कसा

वर्डमध्ये फाइल उघडून फुलीच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा. फुलीच्या जागी तिचा कोड दिसेल. तेच बटण पुन्हा दाबलं की फुली परत. (एक्सची चौकशी करायला एक्सच दाबायचा, हा योगायोग मला अजून आवडतो.) १५७डी आलं तर खरी. १५४१, १६६डी, १६६ई, ००७८ किंवा ००डी७ आलं तर तोतया.

शंभरेक शब्दांपर्यंत हे ठीक. यादी मोठी असेल तर पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नेम हे फंक्शन घ्या. प्रत्येक नोंदीचं शेवटचं अक्षर काढायचं, त्याचं नाव विचारायचं, आणि कुठलं नाव किती वेळा आलं ते मोजायचं. दहा ओळींचं काम. मोजणी हाती आली की रोग कुठला ते कळतं. लॅटिन एक्स जास्त असतील तर दोष टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डात. यू+१५४१ जास्त असतील तर बहुधा कुठल्यातरी जुन्या रूपांतर-तक्त्यात. यू+१६६ई शब्दसूचीच्या नोंदीत दिसले तर कोणीतरी छापील पानावरून ओसीआर (चित्रावरून अक्षरं ओळखून मजकूर काढणं) केलंय.

प्रोग्रॅम लिहायचा नसेल तर एक गावठी पण खात्रीची चाचणी आहे. मजकूर निवडा आणि सगळी अक्षरं कॅपिटल करायची आज्ञा द्या. सिलेबिक्समध्ये लहान-मोठी लिपी नाही, नागरीसारखंच. त्यामुळे खऱ्या अक्षरांना काहीच होत नाही, आणि लॅटिन एक्स तेवढे फुगून मोठे होतात. आमच्या वर्गाच्या पाटीवर शीर्षकातली फुली बाकीच्या अक्षरांच्या दीडपट दिसत होती. तिथेच पहिला चोर सापडला.

बाइट बघायची सवय असेल तर: यूटीएफ-८ मध्ये (फाइलीत कोड साठवायची नेहमीची पद्धत) खरी फुली ई१ ९५ बीडी, सायिसी यी ई१ ९५ ८१, काय साइन ई१ ९९ एडी. हे कशाला सांगतोय? कारण फाइल चुकून विंडोज-१२५२ म्हणून, म्हणजे विंडोजच्या जुन्या लॅटिन अक्षरतक्त्याने, उघडली गेली असेल तर खऱ्या फुलीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, एक जाड ठिपका आणि अर्ध्याचं चिन्ह असं त्रिकूट दिसतं, आणि त्यावरून मूळ अक्षर परत मिळवता येतं. सायिसी यी च्या तिसऱ्या बाइटला, ८१ ला, त्या तक्त्यात अक्षरच नाही. काही साधनं तो बाइट टाकून देतात. मग परत काही मिळत नाही. मराठी ईमेलच्या जागी ‘à’ सारख्या खुणांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार नवा नाही.

आणि फुलीच काय, सगळीच अक्षरं चौकोनी डब्यांसारखी दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तो फॉन्टचा प्रश्न. विंडोजवर गॅडुगी किंवा युफिमिया, कुठेही नोटो सॅन्स कॅनेडियन ॲबोरिजिनल, आणि विषय संपला.

मी काय चुकीचं केलं

पहिल्या खेपेला मला वाटलं, युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणायची सोय) कशासाठी आहे? त्यातला एनएफसी हा प्रकार चालवला. काही फरक नाही. त्याहून सैल एनएफकेसी चालवला. तरीही नाही. नंतर समजलं की या गटातल्या अक्षरांना तशी समतुल्यता दिलेलीच नाही. नॉर्मलायझेशनच्या दृष्टीने यू+१५७डी आणि यू+१५४१ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. बरोबरच आहे म्हणा, दोन भाषांची दोन अक्षरं आहेत ती.

मग मी सुरक्षा-तज्ज्ञ वापरतात ती ‘फसव्या अक्षरांची’ यादी घेतली, यूटीएस ३९ या युनिकोडच्या सुरक्षा-मानकासोबत येते ती. तिच्यात खरी फुली, सायिसी यी, पूर्णविराम आणि गुणाकार, सगळे लॅटिन एक्सच्या खाती जमा आहेत. ती यादी बनावट वेबपत्ते पकडण्यासाठी आहे, मजकूर दुरुस्त करण्यासाठी नाही. मी ती मजकुरावर चालवली आणि खऱ्या फुल्यांचेही एक्स करून ठेवले. बॅकअप होता म्हणून हे आज हसत लिहितोय.

दुसऱ्या खेपेला उलट टोक गाठलं. सगळ्या तोतयांची एक यादी केली, आणि फाइलमध्ये त्यातलं काहीही दिसलं की यू+१५७डी. एका फटक्यात. शोध चालू झाला, सगळे खूश. चार दिवसांनी कोह्कुम वर्गात स्तोत्र वाचून दाखवत होत्या. मध्येच थांबल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, ‘इथे ख्रिस्त होता. तू काय केलंस त्याचं?’ काय साइनच्या जागी ह्क. त्याच पानावरचे सगळे पूर्णविरामही ह्क झाले होते, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाला उगीचच एक सप्तमी लागली होती. आणि परिशिष्टात कोणीतरी तुलनेसाठी दिलेले देने शब्द होते, त्यांच्यातली खरीखुरी सायिसी यी सुद्धा गेली. तोतया पकडायच्या नादात मी खरा माणूस तुरुंगात घातला.

आता जे चालतं ते

बॅकअप घ्या. हे वाक्य सगळेच लिहितात, म्हणून लोक वाचत नाहीत. तरी घ्या.

त्यानंतर मजकुराची भाषेनुसार विभागणी. क्री नसलेला मजकूर बाजूला काढा, त्याला हात लावायचा नाही. पूर्वेकडची क्री, जेम्स उपसागराच्या क्वेबेकच्या बाजूची, तीही बाजूला काढा. तिथे फुली वापरत नाहीत, ह् च्या पुढे छोटा वर चढवलेला क, यू+१४८३, येतो. पश्चिमेकडचे नियम तिच्यावर लादू नका.

उरलेल्या मजकुरात अक्षराकडे नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांकडे बघायचं. लॅटिन एक्स किंवा गुणाकाराच्या चिन्हाच्या लगेच आधी सिलेबिक्सचं अक्षर असेल आणि लगेच नंतर सिलेबिक्स किंवा लॅटिनचं अक्षर नसेल, तर ती फुली ह्क ची, यू+१५७डी करा. सायिसी यी साठीही हाच नियम. काय साइन शब्दाच्या सुरुवातीला किंवा एकटी उभी असेल तर तसूभरही हलवायची नाही. शब्दाच्या अगदी शेवटी, इतर अक्षरांना चिकटून असेल तरच बदलायची, आणि तेही धार्मिक मजकुरात नाही. तिथे डोळ्यांनीच बघा. ह् आणि क् च्या सुट्या खुणा शब्दाच्या शेवटी एकामागोमाग आल्या तर त्यांचीही फुली करा. शब्दाच्या मध्ये असतील तर थांबा. ती नोंद बाजूला काढून ठेवा, कारण तिथे बहुधा दोन शब्दांमधली जागा खाल्ली गेलेली असते.

‘सिलेबिक्सचं अक्षर’ म्हणजे काय ते प्रोग्रॅमला सांगताना यू+१४०१ ते यू+१६६सी आणि यू+१६६एफ ते यू+१६७एफ असे दोन तुकडे द्या. मधली दोन घरं काय साइन आणि पूर्णविराम यांची, ती मुद्दाम वगळायची. विस्तारित गट यू+१८बी० पासून सुरू होतो, हवा असल्यास तोही जोडा. पायथॉनमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ ही खूण इथे नीट चालते. मराठीत ती काना-मात्रांवर अडखळते, इथे मात्राच नाहीत! जावास्क्रिप्टमध्ये मात्र शब्दसीमेच्या नेहमीच्या खुणेवर विसंबू नका. तिला फक्त इंग्रजी अक्षरं कळतात, त्यामुळे सिलेबिक्सच्या शब्दात ती सीमा नेमकी लॅटिन एक्सच्या आधी दाखवते. तिथे युनिकोड गुणधर्म वापरणारी पद्धत घ्या.

पूर्णविराम सर्वात शेवटी, आणि तो पूर्णपणे यंत्रावर सोडू नका. शब्दसूचीच्या नोंदीत पूर्णविरामाचं काही कामच नाही, तिथे यू+१६६ई दिसला की शब्दाचं फुलीसह रूप शब्दकोशात आहे का ते पाहून बदलता येतो. वाक्यांत तसं जमत नाही. वाक्याच्या शेवटी एकच फुली असेल तर ती ह्क आहे, की पूर्णविराम, की दोघांपैकी एक गळलेला, हे पुढच्या अक्षरावरून कळत नाही, कारण पुढचं वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होतच नाही. मी इथे शब्दकोशाचा आधार घेतो. फुली काढल्यावर उरणारं रूप शब्द म्हणून अस्तित्वातच नसेल (‘ए-निपाया’ असा काही शब्द नाही) तर फुली ह्क ची आणि पूर्णविराम गळलाय. फुलीसकट रूप अस्तित्वात नसेल तर तो पूर्णविराम. दोन्ही रूपं संभवत असतील तर माणसाकडे द्या.

साफ करूनही परत का येतं

कारण आपण टाकी स्वच्छ करतो आणि नळ तसाच ठेवतो. आमच्याकडे नळ तीन होते.

एक, टाइप करणारे. वर्गातली मुलं फोनवरून नोंदी पाठवतात. ज्यांनी फर्स्टव्हॉइसेसचा किंवा कीमनचा क्री कीबोर्ड घातलाय त्यांची फुली बहुतेक बरोबर येते. पण शब्द लिहून शेवटची खूण कुठे आहे ते सापडलं नाही की इंग्रजी कीबोर्डवर जाऊन एक्स दाबून मोकळे. म्हणून नोंद भरायच्या पानावर आता शोधपेटीखाली फुलीचं एक बटण ठेवलं आहे. दाबलं की यू+१५७डी. एवढ्या एका बटणाने जे झालं ते माझ्या कुठल्याही स्क्रिप्टने झालं नव्हतं.

दोन, जुन्या फाइली. युनिकोडच्या आधी क्रीसाठीही तसेच फॉन्ट होते जसे आपल्याकडे छपाईच्या दुकानांत असतात: आत इंग्रजी अक्षरं, वर दुसऱ्या लिपीचा मुखवटा. त्या फाइली युनिकोडमध्ये आणताना ज्याने तक्ता बनवला त्याने ‘बारीक फुली’ शोधली आणि जी पहिली दिसली ती घेतली. अक्षरतक्त्यात यू+१५४१ हे यू+१५७डी च्या आधी येतं. बाकी तुम्ही समजून घ्या. उपाय एकच, तक्त्यातली ती एक ओळ दुरुस्त करा, नाहीतर दर जुन्या फाइलीसोबत तोतया आत येणार. नाव बघून फसू नका, असंही सांगावंसं वाटतं, पण इथे उलट आहे: नावच बघा. ‘सायिसी’ हा शब्द वाचला असता तर तक्ता करणारा थांबला असता. युनिकोडमधली नावं कधी बदलत नाहीत, एवढा तरी भरवसा आहे.

तीन, पीडीएफ. पानावर शब्द उत्तम दिसतो, तिथून कॉपी केला की वेगळंच काही येतं, कारण चित्र आणि कोड यांची सांगड त्या फाइलीच्या आतल्या नकाशावर असते आणि तो नकाशा कोणी तपासत नाही. पीडीएफवरून आलेला मजकूर मी आता सरळ संशयित समजतो आणि मोजणी केल्याशिवाय यादीत घेत नाही.

शोधाच्या बाजूलाही एक काम आहे. लोक एक्स टाकणारच, म्हणून शोधपेटीत आलेल्या शब्दावरही तेच नियम चालवा. साठवताना शुद्ध फुली, शोधताना सगळ्यांना क्षमा. उलट मात्र करू नका. फक्त शोध उदार करून साठा घाणेरडाच ठेवला तर छपाईच्या दिवशी रडायची पाळी येते.

फुली जुळली, तरी शब्द सापडत नाही

मग ‘व’चं टिंब बघा. पश्चिमेच्या क्रीत वे, वि, वा लिहायला स्वराच्या अक्षरापुढे मध्यभागी एक टिंब देतात, पूर्वेला तेच टिंब अक्षराच्या आधी. युनिकोडने दोन्ही प्रकार आयते, एका कोडात दिले आहेत: टिंब आधी असलेला वे यू+१४०सी, टिंब नंतर असलेला यू+१४०डी. पण टिंबही सुटं मिळतं, यू+१४२७. त्यामुळे कोणी ए आणि टिंब असे दोन कोड टाकतो, कोणी आयता वे. दिसायला तेच, आणि इथेही नॉर्मलायझेशन दोघांना एक करत नाही. क्री भाषेचं स्वतःचं नाव, नेहियवेविन, यात असे दोन व आहेत, म्हणजे ते एकच नाव चार प्रकारे लिहिलेलं सापडू शकतं. मला सापडलं.

मराठीत याचा सख्खा भाऊ आहे: ॲ. ‘ॲप’ मधलं ते अक्षर. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःचा कोड मिळाला, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र ठेवत आले आहेत आणि अजूनही ठेवतात. दोन्ही एकसारखे दिसतात, एकमेकांना ओळखत नाहीत. उपाय दोन्हीकडे तोच: एक रूप ठरवा, बाकीची त्यात बदला. क्रीसाठी मी आयतं अक्षर ठेवतो.

शेवटच्या य् च्या खुणेतही यू+१५४०, यू+१४२९ आणि साधं अधिकचं चिन्ह अशी तीन सोंगं आहेत. तिथेही हेच करा.

माझ्या यादीत आता फक्त पूर्णविरामाची संशयित वाक्यं उरली आहेत. ती मी मोठ्या टाइपात छापून कोह्कुमना दिली आणि म्हटलं, जिथे चूक दिसेल तिथे खूण करा. आठवड्याने कागद परत आले. त्यांनी चुकलेल्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी पेन्सिलीने नेटकी फुली मारली होती. कुठली फुली चुकीची खूण आणि कुठली हरवलेला ह्क, ते मला कळेना. मी म्हटलं, मग गोल करा. त्या हसायला लागल्या. बारीक गोल म्हणजे व्. तिरकी रेघ मारायची तर एका बाजूची त्, दुसऱ्या बाजूची क्. आता दुसरा संच छापून दिला आहे, आणि शब्दाखाली लाल रेघ ओढायचं ठरलं आहे.